मदत हवी आहे: एकट्याने डाइव्ह करताना विंग (पाठीवरची हवेची पिशवी) कोणती घ्यावी, आणि सोडता येणारं वजन किती ठेवावं?

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. बडीशिवाय (जोडीदाराशिवाय) डाइव्ह करायला सुरुवात करायचीय, त्याचा कोर्स लावलाय (पॅडी, एसडीआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्था; पॅडीचा सेल्फ-रिलायंट घ्या नाहीतर एसडीआयचा सोलो, १०० डाइव्हची अट दोन्हीकडे आहे, ती पूर्ण झालीय), हवेचा बॅकअप काय ठेवायचा तेही पक्कं आहे, घोडं अडलंय ते बॉयन्सीपाशी, म्हणजे तरंगण्या-बुडण्याच्या तोलापाशी.

सध्या जॅकेट टाइप बीसीडी (हवा भरून तोल सांभाळायचं जॅकेट) आहे, ५ मिमीचा फुल सूट, ११.१ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर, खारं पाणी, आणि बेल्टवर ८ किलो शिसं. आता डाव्या अंगाला ५.७ लिटरची ॲल्युमिनियम पोनी (राखीव छोटा सिलिंडर) लावणार. खोली २५ मीटरच्या आतच. जॅकेट सोडून बॅकप्लेट (पाठीवरची धातूची प्लेट) आणि विंगवर जायचं जवळपास ठरलंय, कारण जॅकेट फुगलं की छाती-पोटाशी एवढी गर्दी होते की पोनीचा व्हॉल्व्ह बघायला सुद्धा मान वाकडी करावी लागते, आणि एकटं असताना तो व्हॉल्व्ह नजरेत आणि हातात दोन्हीकडे हवा.

अडचण अशी आहे की स्टीलची प्लेट घेतली तर अडीच-तीन किलो थेट पाठीवर जातात, ट्रिम (पाण्यात आडवं, सपाट राहणं) छान मिळतो असं सगळेच म्हणतात, पण ते वजन पाण्यात सोडता येत नाही. ॲल्युमिनियमची प्लेट घेतली तर बेल्टवर जास्त राहतं, म्हणजे वेळ आली तर टाकून देता येतं. बडी असेल तर विंग फाटली तरी त्याला धरून वर येता येतं, त्यामुळे बहुतेक लोक याचा फार विचार करत नाहीत. मला तो करावाच लागणार. आणि उलट बाजूही तितकीच खरी आहे, खोलात बेल्टचं बकल उघडलं आणि सगळंच शिसं खाली गेलं तर पाय धरून थांबवायला कोणी नाही, सरळ वर. म्हणजे एका भीतीला उपाय करावा तर दुसरी वाढते.

दुसरं, डबल ब्लॅडर (आत दोन पिशव्या असलेली) विंग सोलोसाठी घ्यावीच का? आणि तिसरं, पोनी लावल्यावर वजन चेक नेमकं कसं करायचं, पोनी भरलेली धरून की रिकामी?

---

प्रतिसाद:

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

चेक नेहमीचाच, मेन सिलिंडर ५० बारवर, बीसीडी रिकामी, ५ मीटरवर तरंगत थांबता आलं पाहिजे. पण पोनी भरलेली धरून चेक केलात तर हिशोब चुकेल, कारण पोनी ज्या दिवशी खरंच वापराल त्या दिवशी ती रिकामी होत वर याल आणि नेमक्या त्याच दिवशी सेफ्टी स्टॉपला (वर येताना ५ मीटरवर थांबतात तिथे) खाली राहता येणार नाही. म्हणून दोन्ही जवळपास रिकामे असताना ५ मीटरवर न्यूट्रल (ना वर जाणारे, ना बुडणारे) असाल इतकं वजन ठेवा.

आता खालचा हिशोब. ११.१ लिटर गुणिले २०० बार म्हणजे २२२० लिटर हवा, तिचं वजन साधारण २.७ किलो. पोनीतली आणखी १.४ किलोच्या आसपास. म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीला तुम्ही हवेमुळेच ४ किलो जड. त्यात सूट दाबला जातो, ५ मीटरवर १.५ बार असतात ते २५ मीटरवर ३.५ होतात, सूटची उचल समजा ४ किलो धरली तर त्यातली दीडेक किलो आणखी जाते. ढोबळ साडेपाच किलो. विंग पूर्ण मेली तर हे साडेपाच किलो घेऊन फिन मारत वर यायचंय. थोडा वेळ जमेल, पण दम लागतो, दम लागला की हवा संपते, आणि एकट्या माणसाने हे टाळायलाच हवं.

त्यातले २ किलो सोडले तर साडेतीन उरतात, ते बहुतेकांना जमतं. आणि यातली महत्त्वाची गोष्ट बघा: सोडायची गरज पडते ती सुरुवातीला, सिलिंडर भरलेले असताना, आणि तेव्हा २ किलो टाकले तरी ५ मीटरवर तुम्ही अजून २ किलो जडच असता, सुसाट वर जात नाही. शेवटी सिलिंडर हलके झाल्यावर मुळात सोडायची गरजच उरत नाही. म्हणून स्टीलची प्लेट बिनधास्त घ्या, उरलेल्या शिशातले दोनच किलो सोडता येतील असे ठेवा, बाकी कॅम बँडवरच्या (सिलिंडर बांधायच्या पट्ट्यावरच्या) ट्रिम पॉकेटमध्ये पक्के. बेल्ट चुकून पडला तरी दोनच किलो जातील. म्हणजे तुमच्या दोन्ही भीतींचा जीव त्या दोन किलोत आहे. सूट जाड असेल, किंवा खोली वाढवलीत, तर हा आकडा पुन्हा काढायचा, आयता वापरायचा नाही.

बेल्ट रबरी घ्या. सूट दाबला गेला की नायलॉनचा बेल्ट सैल होऊन फिरतो आणि बकल पाठीमागे जातं, रबरी स्वतःच आवळून राहतो. आणि क्रॉच स्ट्रॅपच्या (दोन पायांमधून येणाऱ्या पट्ट्याच्या) वरून बांधा, खालून गेला तर सोडल्यावर तिथेच लटकून राहतो. किनाऱ्यावर एकदा सगळं अंगावर घालून, डोळे मिटून, बकल उघडून बघाच.

---

प्रतिसाद:

वरच्याशी सहमत. डबल ब्लॅडरबद्दल: एका सिलिंडरवर ५ मिमी सूटमध्ये मी घेणार नाही. दुसरा इन्फ्लेटर (विंगमध्ये हवा भरायचं बटण) होजला जोडलेला ठेवला तर तो हळूहळू गळून दुसरी पिशवी आपोआप फुगू शकते, तुम्ही पहिलीतूनच हवा काढत बसता आणि तरी वर जाता, कारण लक्षात यायलाच वेळ लागतो. न जोडता ठेवला तर अडचणीत जोडायचा कधी? १३-१४ किलो लिफ्टची साधी विंग तुम्हाला पुरून उरते. फार मोठी घेऊ नका, नुसती पाठीवर फडफडते आणि कोपऱ्यात हवा अडकते.

त्यापेक्षा इन्फ्लेटरवर मेहनत घ्या. मीठ आणि वाळू बटणात बसली की ते दाबलेलंच राहतं आणि विंग थांबायचं नाव घेत नाही. एका हाताने होज काढायचा, दुसऱ्याने खालचा डंप (हवा सोडायचा व्हॉल्व्ह) ओढायचा, हातमोजे घालून, न बघता. हे उथळ पाण्यात इतक्या वेळा करा की विचार करावा लागू नये. प्रत्येक डाइव्हनंतर विंगच्या आतही गोडं पाणी घालून धुवा.

एसएमबीला (पृष्ठभागावर खुणेसाठी सोडायच्या फुग्याला) पाण्याखालचा बॅकअप समजू नका, वर येताना तिच्यातली हवा फुगते आणि ती सोडणं हातात राहिलं नाही तर तीच तुम्हाला ओढून नेते. पृष्ठभागावर मात्र विंग गेली असेल तर धरून राहायला उत्तम आहे, तोंडाने फुगवता येणारी घ्या.

---

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार, हिशोब असा मांडून कोणी सांगितलाच नव्हता. स्टील प्लेट, १३-१४ किलोची साधी विंग, रबरी बेल्टवर २ किलो, बाकी बँडवर, एवढं पक्कं केलं. एकच राहिलं, पोनी भरलेली असताना डावीकडे झुकायला होईल, मग बँडवरचं शिसं सगळं उजवीकडे ठेवू का?

---

प्रतिसाद:

सगळं नको. एखादा किलो जास्त उजवीकडे, बस. ॲल्युमिनियमची पोनी पाण्यात फार जड नसते आणि रिकामी झाली की तिची शेपूट उलट वर उचलली जाते, तेव्हा उजवीकडचं जास्तीचं शिसं तुम्हाला पलटवायला बघेल. दोन्ही अवस्थेत थोडं थोडं वाकडं चालतं, एका अवस्थेत खूप वाकडं चालत नाही. पोनीची वरची क्लिप खांद्याच्या डी-रिंगला (पट्ट्यावरच्या कडीला) जितकी जवळ बसेल तितकी बसवा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.