मदत हवी आहे: येळवसीची आंबील फुटली, परवा अमावस्या

औसेकर_वाकडात | १७ डिसेंबर २०२५, रात्री १०.४०

येळवस, म्हणजे आमच्या लातूरकडची शेतात पिकाला जेवू घालायची अमावस्या, परवावर आलीय. लवकर सांगा, पातेलं अजून शेगडीवरच आहे. आंबील फुटलीय. वर पाणी, खाली खळ. टाकून देऊ का काही करून सुधारते? आणि भज्जीत नेमकं काय काय पडतं तेही कुणीतरी एकदाचं सांगा. व्हिडिओ बघून झालेत, प्रत्येकीचं वेगळंच. 'विकत मिळते' हे कृपया सांगू नका.

पेठेतली_सून | १०.५२

भजी कुरकुरीत हवी असतील तर डाळीच्या पिठात दोन चमचे तांदळाचं पीठ घाला आणि कडकडीत तेलाचं मोहन. सोडा अजिबात नको, तेल पितात. कांदा आधी मीठ लावून ठेवा, सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवा.

बिंदगं | १०.५८

ताई, भजी नाही हो, भज्जी! तळायची नसते. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी, पालक, आंबट चुका, पातीचा कांदा, गाजर असं शेतात जे जे असेल ते एकत्र शिजवून, चिंचेचा कोळ आणि बेसन लावून केलेली पातळसर भाजी. बाजरीच्या उंड्यांबरोबर (वाफवलेल्या गोळ्यांबरोबर) खातात.

औसेकर, तुम्ही आंबील केली कशी ते लिहाच ना. पीठ किती, ताक कधी घातलं?

औसेकर_वाकडात | ११.०३

कशी म्हणजे, नेहमीसारखीच. ज्वारीचं पीठ वाटीभर, पाणी, मीठ, शिजत आल्यावर ताक.

बिंदगं | ११.०५

शिजत आल्यावर म्हणजे खाली जाळ चालू असताना?

औसेकर_वाकडात | ११.०६

हो. मसाला ताक. पाकिटातलं. घरात तेवढंच होतं.

कडबाकुट्टी | ११.०९

😂😂 अरे बाबा

बिंदगं | ११.१७

उकळत्यात गार ताक ओतलं की फुटणारच, त्यात तुमचा दोष नाही (पाकिटाचा आहे). ही भाकरीच्या पिठात मुरवून धपाटे करा आणि नवी लावा. वाटीभर पिठाला पाच-सहा वाट्या पाणी. पीठ आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, मग उकळत्या पाण्यात सोडून हाटायचं. शिजलं की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गार झालं की घट्ट होणार, घाबरू नका. मग आंबट ताक, लसूण, जिरं, आलं, हिरवी मिरची वाटून, वरून कोथिंबीर. उद्या संध्याकाळी करून ठेवली तर परवा सकाळी चव लागते.

तेरचा_पाहुणा | ११.३१

साफ चुकीचं. पीठ आदल्या रात्री ताकातच भिजवायचं, ते आंबतं म्हणून तर आंबील! सकाळी तेच पाणी घालून शिजवायचं. कढी कशी फुटत नाही? ताक पिठात आधीच मुरलेलं असतं म्हणून. वरून ताक ओतून होते ती पेज.

बिंदगं | ११.३४

आमच्याकडे पन्नास वर्षं 'पेज'च पितेत म्हणायचं मग. आणि मडकं पण फुटलं नाही.

तेरचा_पाहुणा | ११.३६

निलंगा-उदगीरकडची पद्धत असेल तुमची. धाराशिवकडे असं चालत नाही.

पंचांगवाला | ११.४०

पण परवा कसली अमावस्या? माझ्या मोबाईलमधल्या कॅलेंडरात मार्गशीर्ष अमावस्या २० नोव्हेंबरलाच होऊन गेली. महिनाभर उशीर झालाय तुम्हाला.

तेरचा_पाहुणा | ११.४८

ते उत्तरेकडचं पंचांग आहे, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला अमावस्येला. म्हणून आपली मार्गशीर्ष अमावस्या १९ डिसेंबर, शुक्रवार. गेल्या वर्षी ३० डिसेंबरला होती, त्याआधी ११ जानेवारी २०२४ ला, कारण २०२३ ला अधिक श्रावण पडला होता. गंमत म्हणजे २०२३ या इंग्रजी वर्षात येळवस आलीच नाही आणि २०२४ मध्ये दोनदा आली.

(या एका बाबतीत बिंदगं यांचं आणि माझं एकमत असावं.)

वऱ्हाडी_ठेचा | ११.५५

हा सण नक्की काय आहे? आमच्याकडे पोळा असतो तसा का? पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकायचं असतं, ते विसरू नका.

कडबाकुट्टी | १८ डिसेंबर, १२.०४

भाऊ, यात बैल नाही. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि पलीकडे बिदर-कलबुर्गी इथला सण. रब्बीची ज्वारी पोटरीत नाहीतर हुरड्यात असते, तेव्हा पिकालाच जेवायला घालायचं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप (खोपटं) करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पाच पांडव. नैवेद्य, मग आंबील आणि भज्जी घेऊन 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत ते शेतभर शिंपायचं, याला चर शिंपणं म्हणतात. लातूर त्या दिवशी रिकामं असतं, कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात.

तेरचा_पाहुणा | १२.१०

'होलगे होलगे सालन पलगे'.

कडबाकुट्टी | १२.११

तुमचं सगळंच वेगळं आहे का हो?

सीनाकाठ | १२.२०

दोन्ही मूळ कानडीच असणार. सणाचं नावही. कानडीत एळ्ळ अमावस्या म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. आपण त्याची वेळा अमावस्या, म्हणजे येळवस करून टाकली. आणि पांडव नंतर आले असावेत. आधी नुसते पाच दगड आणि भूमी. पुराणातला आधार शोधत बसू नका, मातीचा सण आहे.

शास्त्रोक्त | १२.२६

पांडव 'नंतर आले' हे कशावरून ठरवलंत? वनवासात पांडवांना द्रौपदीनं शेतात जेवू घातलं, त्याचीच ही आठवण आहे, असं आमच्या आजीनं सांगितलंय.

सीनाकाठ | १२.२९

आजीला नमस्कार. पण माझ्या आजीनं वेगळं सांगितलंय.

लीड्सची_लेक | १.१५

इकडेही असंच चालतं. १ ऑगस्टला लॅमस, म्हणजे नव्या गव्हाचा पाव चर्चमध्ये न्यायचा दिवस. आयर्लंडमध्ये त्याच दिवसाचं ख्रिस्ती धर्माआधीचं नाव लूनसा, लुघ देवाचं. आता काही हौशी मंडळी तो जुन्या पद्धतीनं, शेकोटी पेटवून पुन्हा करतात. माझ्या शेजारणीनं बोलावलं होतं. तिनं पहिला पाव तोडून मातीत पुरला तेव्हा मला चर शिंपणारी माझी मावशीच दिसली. मीही इथे कुंडीत मेथी लावून येळवस करते. औसेकर, तुम्ही कुंडीतच करा.

औसेकर_वाकडात | सकाळी ७.२०

सगळ्यांचे आभार, पण मी विचारलं होतं आंबिलीचं. कुंडी चालणार नाही. अण्णांनी रात्रीच सांगितलंय, उभ्या पिकावर शिंपल्याशिवाय येळवस नाही.

बिंदगं | ७.३१

मग मुख्य गोष्ट सांगा. शेत आहे का विकलं?

औसेकर_वाकडात | ७.३८

आहे. औशाजवळ. बटईनं दिलंय.

कडबाकुट्टी | ७.४०

मग हा धागा कशाला?! आज रात्रीची ट्रॅव्हल्स पकडा, सकाळी लातूर. सुट्टीच आहे उद्या.

औसेकर_वाकडात | ७.४६

माझा क्लायंट लातूरच्या कलेक्टरच्या हाताखाली नाही. आणि अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झालेत. पुण्याहून साडेतीनशे किलोमीटर बसवत नाही त्यांना.

हुरडा_हब | ७.५०

पुण्याजवळ हुरडा पार्टी, झोपाळा, बैलगाडी, अनलिमिटेड जेवण. ज्येष्ठ नागरिकांना सवलत. निरोप करा.

बिंदगं | ७.५२

याला कुणीतरी हाकला.

शास्त्रोक्त | ८.०५

आणि दरवर्षी कोण करतं तुमच्याकडे? त्यांनाच विचारायचं ना आंबिलीचं.

औसेकर_वाकडात | ८.२२

आई करायची. मार्चमध्ये गेली.

शास्त्रोक्त | ८.३०

वाईट वाटलं. पण मग वर्षाच्या आत सण करत नाहीत. वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबा.

बिंदगं | ८.३४

पुरणपोळी नका करू, तोरण नका बांधू. पण पीक सुतक पाळून वाढायचं थांबतं का? आमच्या घरी आजोबा गेले त्या सालीही काकानं एकट्यानं जाऊन चर शिंपला होता.

तेरचा_पाहुणा | ८.४१

बिंदगं यांचं बरोबर आहे. (हे दुसऱ्यांदा. नोंद घ्यावी.)

औसेकर, आईची पद्धत अण्णांना विचारा. दळण, ताक, हाटणं त्यांनी बघितलेलं असतंय. बोलत नाहीत एवढंच.

उरुळीची_वाट | ९.१०

मी इथला नाही, माझं सासर उमरग्याचं. उरुळी कांचनच्या पुढे आमचा दीड एकर हरभरा उभा आहे, बांधाला चार ओळी ज्वारी. गाडी थेट बांधापर्यंत येते, काकांना चालावं लागणार नाही. आम्ही उद्या करतोच आहोत. कोप मी घालतो. कडबा इथे महाग, मक्याचे ताट वापरतो. पत्ता निरोपात पाठवतोय. भज्जी आमच्याकडून, आंबील तुमची.

औसेकर_वाकडात | ९.१४

निरोप बघितला. येतो. संध्याकाळी दूध उतू घालता का? अण्णा विचारतायत.

उरुळीची_वाट | ९.१६

घालतो. आणि हेंडगाही (मशाल) पेटवतो, इथे सोसायटीचा सेक्रेटरी नाही.

औसेकर_वाकडात | २० डिसेंबर, सकाळी ८.०५

काल झालं. आंबील शेवटी अण्णांनी खुर्चीत बसून सांगितली आणि मी केली. पीठ ताकात भिजवून, आणि शिजल्यावर गार करून वरून परत ताक. म्हणजे दोघंही बरोबर, आता भांडू नका. फक्त लसूण आई जास्त घालायची म्हणाले.

ते गाडीतून उतरलेच नाहीत. दार उघडं ठेवून तांब्यातली आंबील निंबाच्या डहाळीनं पोचेल तिथवर शिंपली. हरभऱ्यावर. ओलगे म्हणाले का होलगे, ते मला ऐकू आलं नाही. मग मला पुढच्या ज्वारीच्या ओळींवर पाठवलं, आणि मी घाईघाईत उरकलं म्हणून परत पाठवलं. दूध पूर्वेला उतू गेलं. मक्याची कोप त्यांना पटलेली नाही.

उंडे उरलेत. फ्रीजमध्ये किती दिवस टिकतात?

पेठेतली_सून | ८.४०

छान झालं हो. आणि भजी कुरकुरीत झाली का?