फ्रेडी मर्क्युरीच्या आयुष्यात जिम हटन नेमका कोण होता?

सायली_वाई
नमस्कार मंडळी. परवा लेकीबरोबर फ्रेडी ज्यात गायचा त्या 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडवरचा २०१८चा सिनेमा पुन्हा पाहिला. फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, एवढ्यानंच तो मला जवळचा वाटतो. सिनेमाभर मेरी ऑस्टिन आहे. जिम हटन मात्र दोन-तीन प्रसंगांपुरता. राहतं घर मेरीला मिळालं, अस्थी कुठे आहेत तेही फक्त तिलाच ठाऊक. लेकीनं विचारलं, "मग हा जिम त्याचा कोण?" मला धड सांगता आलं नाही. कुणी सांगेल का?

बाबूल
माझं मत विचाराल तर मेरीच. ती केन्सिंग्टनच्या 'बीबा' दुकानात कामाला होती, तेव्हापासूनची त्यांची ओळख. १९७६ साली त्यानं स्वतःबद्दल तिला खरं काय ते सांगितलं आणि संसार थांबला. तरी त्यानं तिला जवळच फ्लॅट घेऊन दिला, पुढे तिच्या थोरल्या मुलाचा गॉडफादर झाला. याहून मोठं प्रेम काय असतं?

मोगरा_कोथरूड
बाबूल, मेरीबद्दल लिहिलंत त्यातलं काहीच मी खोडणार नाही. पण ताई, लेकीला जिमबद्दल नीट कळावं म्हणून सविस्तर लिहितो.

जिम आयर्लंडमधल्या कार्लोचा. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात केस कापायचा. सिनेमात तो पार्टीतला वेटर दाखवलाय, तसा नव्हता. फ्रेडीनं पहिल्यांदा ड्रिंक विचारलं तेव्हा त्यानं सरळ नाही म्हटलं, कारण समोर कोण उभाय हेच त्याला माहीत नव्हतं. १९८५ मध्ये परत गाठ पडली. मग तो फ्रेडीच्या लंडनमधल्या घरी, गार्डन लॉजमध्ये राहायला आला. तिथली बाग तो बघायचा, तळ्यातले कोई मासे तो बघायचा. त्यानं दिलेली सोन्याची अंगठी फ्रेडीनं शेवटपर्यंत बोटातून काढली नाही.

फ्रेडीच्या एचआयव्हीचं निदान १९८७चं. (सिनेमानं ते १९८५च्या 'लाइव्ह एड' या मैफलीच्या आधी नेऊन ठेवलंय.) तुला जायचं असेल तर मी समजून घेईन, असं फ्रेडी म्हणाला. जिम गेला नाही. २४ नोव्हेंबर १९९१ला, पंचेचाळिसाव्या वर्षी फ्रेडी गेला, तेव्हाही जिम तिथेच होता. मृत्युपत्रात त्याला पाच लाख पौंड होते, घर मेरीच्या नावे. काही महिन्यांत त्याला तिथून निघावं लागलं. मेरीला मी बोल लावत नाही, मृत्युपत्र फ्रेडीचंच होतं. पण सहा वर्षं ज्या बागेत हात घातले ती मागे टाकून निघताना माणसाला काय होतं, हे मला माहीत आहे.

माझा जोडीदार २०१६ला गेला. अकरा वर्षं आम्ही एका घरात होतो. आयसीयूच्या दारात फॉर्म पुढे आला, 'रुग्णाशी नातं'. मी पेन धरून उभा. त्याचा चष्मा माझ्या खिशात होता, एक काडी सुटलेली, तीच अंगठ्यानं चाचपत राहिलो. शेवटी 'मित्र' लिहिलं. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म परत केला, "रक्ताचं कुणी बोलवा." त्याचा धाकटा भाऊ कऱ्हाडहून येईपर्यंत चार तास गेले. फ्लॅट त्याच्या नावावर होता. तेराव्यानंतर भावानं किल्ली मागितली, अगदी नरमाईनं. मी दिली. गॅलरीतली मोगऱ्याची कुंडी तेवढी मागून घेतली.

म्हणून ताई, लेकीला सांगा, जिम फ्रेडीचा नवरा होता. त्या काळात तसं लिहायला कागदावर रकाना नव्हता. आपल्याकडे अजूनही नाही.

बाबूल
मी 'मेरीच' असं लिहायला नको होतं. आता वाटतं, दोघांची तुलना करणंच चूक. जिमचं पुढे काय झालं?

मोगरा_कोथरूड
१९९० मध्ये त्यालाही एचआयव्ही असल्याचं कळलं होतं. नंतर तो आयर्लंडला परतला, आठवणींचं पुस्तक लिहिलं. १ जानेवारी २०१०ला कर्करोगानं गेला. म्हणजे फ्रेडीनंतर अठरा वर्षं जगला.

सायली_वाई
दादा, सगळं लेकीला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, मोगरा आहे का अजून, ते विचार.

मोगरा_कोथरूड
आहे. दोनदा कुंडी बदलली. या एप्रिलात भरपूर फुलला.