ज्याचा एकही नमुना हाती नाही त्यात पीएचडी?

दगडफोड्या
काल इथे एकाने लिहिलं, "परग्रहावरचा एक जंतूसुद्धा सापडलेला नाही आणि विद्यापीठं खगोलजीवशास्त्रात पीएचडी वाटताहेत. बाजारात तुरी!" दुर्लक्ष करणार होतो, राहवलं नाही. हा टोमणा जुना आहे. जीवाश्मतज्ज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९६४ मध्येच मारला होता. अहो, नमुना आहे की, पायाखाली! सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हवेत नाव घेण्याइतका ऑक्सिजन नव्हता आणि तरी जीव होते. म्हणजे तेव्हाची पृथ्वी हाच आपला परग्रह. त्या हवेचा पुरावा जुन्या खडकांतल्या गंधकाच्या समस्थानिकांत (त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणात) सापडला, २००० साली. तो वाचायला खडक, रसायन आणि सूक्ष्मजीव तिन्ही कळणारा माणूस लागतो. तो आपोआप तयार होत नाही.

रोखठोक
तुरीवाला मीच. तिन्ही कळणारा म्हणजे तिन्ही अर्धवट कळणारा. २०१० आठवतं? कॅलिफोर्नियातल्या मोनो लेक सरोवरातला जिवाणू म्हणे डीएनएत फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो. नासाची पत्रकार परिषद, गाजावाजा. जिवाणू वाढवला त्या द्रावणात फॉस्फेटची भेसळ किती, हा साधा प्रश्न आधी कुणाला पडू नये? दावा खोडला रोझी रेडफिल्ड यांनी, नेहमीच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. 'सायन्स'ने तो निबंध मागे घेतला २०२५ मध्ये. पंधरा वर्षं!

शब्दप्रेमी
'खगोल' नको, 'अंतराळजीवशास्त्र' म्हणा.

रोखठोक
आधी जीव सापडू दे, मग बारसं करू.

कोरी_कुपी
भेसळीचा विषय निघालाच आहे तर ऐका. मी भूजीवशास्त्रात, म्हणजे खडक आणि जीव यांच्या नात्यावर, पीएचडी केली. शेल या जुन्या चिखलाच्या खडकातून जिवाणूंचे रेणू काढायचे. दोन वर्षांनी रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राच्या १९१ आयनच्या आलेखावर होपेनची, म्हणजे जिवाणूंच्या पेशीपटलातून उरणाऱ्या रेणूंची, सुंदर रांग दिसली. त्या रात्री झोप नाही. मग वरिष्ठ मुलीने विचारलं, "ब्लँक कुठाय?" ब्लँक म्हणजे खडकाशिवाय केलेली तीच चाचणी. भट्टीत ५५० अंशांवर भाजलेली वाळू खडक दळलेल्या त्याच दळणयंत्रात दळली, तेच द्रावक, त्याच कुप्या. वाळूतही तीच रांग! त्याच उंचीची. यंत्राच्या बेअरिंगचं वंगण गळत होतं. वंगण पेट्रोलियमचं, त्यात होपेन असायचेच. हे मला अभ्यासक्रमात कुणी शिकवलं नव्हतं. तिथे परग्रहांवरच्या संस्कृती किती असतील याचा अंदाज बांधणारं ड्रेक समीकरण होतं.

रोखठोक
माझंच म्हणणं सिद्ध केलंत. आभार.

दगडफोड्या
काडीचं नाही! ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराच्या २७० कोटी वर्षांच्या खडकात स्टेरेन हे रेणू सापडल्याचं १९९९ मध्ये जाहीर झालं, म्हणजे तेव्हाच दृश्यकेंद्रकी (आपल्यासारख्या, केंद्रक असलेल्या) पेशी. मग काळजी घेऊन नव्याने छिद्रण केलं, रेणू नाहीत, हे २०१५ मध्ये छापून आलं. जुने रेणू नंतर मिसळलेले. ही चूक शोधली ती याच क्षेत्रातल्या लोकांनी, आणि मूळ निबंधाचे लेखक ब्रॉक्स २००८ मध्येच शंका घेणाऱ्यांत होते. स्वतःचंच काम खोडायला छाती लागते.

कोरी_कुपी
छाती ठीक आहे, पण यंत्र कोण पुसतो ते विचारा ना. विद्यार्थी! रयुगू या लघुग्रहावरून आणलेल्या कणावरही पृथ्वीवरचे जंतू वाढलेले आढळले, इथे आल्यावर. एवढी काळजी घेऊनही. आणि आमच्याकडे हातमोजे मागितले तर एक विभाग म्हणायचा त्यांच्याकडे मागा, दुसरा म्हणायचा यांच्याकडे. दोन विभाग, दोन गाईड, दोन घरचा पाहुणा उपाशी. एकाला खडकाचे पातळ छेद हवेत, दुसऱ्याला जनुकक्रम. प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी तीनदा लिहिलं, तेही दोघांच्या भांडणापायी.

रोखठोक
हे रडगाणं कुठल्याही पीएचडीचं आहे.

कोरी_कुपी
रडगाणं? रात्री अडीच वाजता ॲसिटोनने दळणयंत्र पुसलंय कधी? नसेल तर गप्प बसा.

दगडफोड्या
शांत व्हा दोघंही. ग्रीनलँडच्या इसुआचं घ्या. २०१६ मध्ये ३७० कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट (सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडवलेले दगड) म्हणून शंकूसारखे आकार दाखवले गेले. नासाच्या ॲबिगेल ऑलवूड तिथे गेल्या, खडक तिसऱ्या बाजूनेही पाहिला. एका बाजूने शंकू दिसणारी गोष्ट आत लांब कणा निघाली. खडक दाबला गेला की असे कणे होतात, असं त्यांनी २०१८ मध्ये मांडलं. मूळ चमूने मानलं नाही, ते सोडा. याच बाई मंगळावरच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या, खडकांची रसायनं तपासणाऱ्या पिक्सल उपकरणाच्या प्रमुख. मंगळावर तिसरी बाजू पाहायला हातोडा मारता येत नाही. मग खडकाने आधी एकदा फसवलेला माणूस तिथे नको?

रोखठोक
हवा. पण बाई मुळात भूवैज्ञानिक, हे सोयीस्कर गाळलंत. चला, एवढं देतो: आधी एका विषयात पक्की पदवी, त्यावर तुमचं खगोल-बिगोल. ड्रेक समीकरणाच्या जागी दळणयंत्र शिकवणार असाल तर तुरी मागे.

दगडफोड्या
अर्ध्याच मागे घेताय.

शब्दप्रेमी
कोरी_कुपी, त्या होपेनचं पुढे काय झालं?

कोरी_कुपी
प्रबंधाच्या परिशिष्टात आहेत. वाळूचा आलेख वर, शेलचा खाली. परीक्षकाने सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर घालवला.