पेपरच्या रिव्हिजनला अकरा दिवस उरलेत आणि को-ऑथर युक्रेनमधल्या खारकीव्हचे, काय करू?

काचपट्टी_२२
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फिजिक्समध्ये पीएचडी करते, सहावं वर्ष लागलंय, हसू नका. विषय झिंक ऑक्साईडच्या पातळ फिल्म्स, स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे गरम काचेवर द्रावण फवारून बसवलेल्या, गॅस सेन्सरसाठी. २०२१ च्या दिवाळीनंतर आठ सॅम्पल पेढ्याच्या खोक्यात कापूस घालून खारकीव्हच्या एका लॅबला पाठवले, तिथल्या एका सरांशी ऑनलाईन कॉन्फरन्समध्ये ओळख झालेली, एक्सपीएस (एक्स-रे टाकून सरफेसवर कुठली मूलद्रव्यं आहेत ते बघायची चाचणी) ते करून देणार होते. सहा झाले. उरलेले दोन फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी मशीनवर चढणार होते आणि २४ तारखेला काय झालं ते सगळ्यांना माहितीये. लॅब बंद, खिडक्यांना प्लायवूड, सर घरच्यांना घेऊन पश्चिमेकडच्या कुठल्यातरी गावात. तरी त्या माणसानं सहाचं अ‍ॅनालिसिस करून पाठवलं. मेलची वेळ बघितली तर त्यांच्याकडचे पहाटेचे तीन, खाली एवढंच, लाईट आली म्हणून बसलो.

दोन वर्षं उरलेल्या दोनची वाट बघितली, मग सहावरच पेपर लिहिला, दोन जर्नलनी परत केला, तिसऱ्यानं आता मेजर रिव्हिजन दिलंय. रिव्ह्यूअरला रॉ फाईल्स पाहिजेत, त्या तिथल्या कॉम्प्युटरवर. शिवाय प्रत्येक ऑथरनं लिंकवर जाऊन संमती द्यायची. सरांचा एकोणीस दिवस रिप्लाय नाही. गाईड म्हणतात नाव काढ, अ‍ॅक्नॉलेजमेंटमध्ये टाक आणि मोकळी हो. थीसिस या पेपरवर अडकलाय हे खरं, पण मनाला पटंना. कुणाला असा अनुभव?

रिव्ह्यूअर_नंबर_दोन
नाव काढू नकोस. नैतिक वगैरे बाजूला ठेव, साधी अडचण बघ. सबमिशन झाल्यावर ऑथर लिस्ट बदलायची तर बहुतेक जर्नल सगळ्यांची लेखी संमती मागतात, ज्याचं नाव काढायचं त्याचीसुद्धा. म्हणजे नाव काढायलाही त्यांचाच रिप्लाय लागणार, मग फायदा काय? त्यापेक्षा एडिटरला आजच सरळ मेल टाक, अकराव्या दिवशी नको. को-ऑथर युद्धक्षेत्रात आहे, अमुक तारखेपासून संपर्क नाही, मुदत वाढवून द्या. आधीच्या ड्राफ्टला त्यांनी होकार दिलेले जुने मेल असतील तर जोड. एडिटर पण माणसंच असतात गं, रिव्ह्यूअरचं सांगता येत नाही, हे मी स्वतः रिव्ह्यूअर असून बोलतोय.

फुकटचा_फोटॉन
नावांवरून आठवलं. जिनिव्हाजवळच्या सर्न या लॅबच्या एलएचसीवरचे (कण एकमेकांवर आपटायचं मोठं मशीन) पेपर २०२२ मध्ये कितीतरी महिने अर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या साईटवर लेखकांच्या नावांशिवाय पडत होते! हजारो लोकांचं काम आणि यादीच नाही, कारण रशियन संस्थांची नावं छापायची का नाही यावर एकमत होईना, आणि त्यामुळं जर्नलमधलं छापणंही थांबलेलं. शेवटी २०२३ मध्ये तोड काय निघाली तर माणसाचं नाव आणि ओर्किड नंबर (संशोधकाचा ओळख क्रमांक) ठेवायचा, संस्थेच्या जागी ‘सर्नशी करार असलेल्या संस्थेशी संलग्न’ असं काहीतरी. एवढ्या मोठ्या लोकांना एक यादी करायला वर्ष लागलं, तुझे अकरा दिवस काय घेऊन बसलीस.

निवृत्त_मास्तर
पोरी, तुझं वाचून बिभा चौधुरी आठवल्या. कलकत्त्यात देबेंद्र मोहन बोस आणि त्या, दोघांनी मिळून दार्जिलिंगकडच्या डोंगरावर फोटोग्राफिक प्लेटा ठेवून कॉस्मिक किरणांतल्या मेसॉन नावाच्या कणाचं वस्तुमान काढायचा प्रयत्न केला, १९४० च्या आसपास ‘नेचर’मध्ये छापूनही आलं. पद्धत बरोबर होती. पण दुसऱ्या महायुद्धामुळं चांगल्या फुल-टोन प्लेटा हिंदुस्थानात मिळेनात, हाफ-टोनवर भागवावं लागलं, त्यात वस्तुमान नेमकं निघेना आणि काम तिथंच थांबलं. पुढं ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल यांनी सुधारलेल्या इमल्शनवर (प्लेटेवरचा फोटोचा लेप) तीच वाट धरली, १९४७ ला पायॉन हा मेसॉन सापडला, १९५० ला नोबेल. बिभाबाईंच्या गावावर एक बॉम्ब पडायची गरज लागली नाही, प्लेटांचा पुरवठा आटला तेवढं पुरलं. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा पोरं म्हणायची, सर युद्ध लांब होतं की. म्हटलं आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात तेव्हा पाचेक हजार पोलिश लोक येऊन राहिलेले, लांब कुठलं आलंय.

बेणं_आणि_बियाणं
मी शेतीवाला, मला एक्सपीएस कळत न्हाई, पण एक सांगतो. सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेची बियाण्यांची बँक होती, गहू, बार्ली, मसूर, हरभरा, लई मोठा साठा. युद्धात तिथं जाणं-येणं बंद झालं. पण गड्यांनी आधीच प्रती नॉर्वेच्या स्वालबार्डला बर्फात नेऊन ठेवलेल्या. २०१५ ला त्या परत काढल्या, त्या तिजोरीतनं माल काढायची ती पहिलीच वेळ, आणि लेबनॉन-मोरोक्कोत पेरून परत बी धरलं. आता मला सांग ताई, तू फवारा मारतीस तेव्हा एका टायमाला एकच काच ठेवतीस का चार-पाच? त्यातल्या सगळ्याच पाठवलेल्यास का?

काचपट्टी_२२
अय्या. चार ठेवते. एकेकच पाठवलेली. आठही बॅचच्या बाकीच्या काचा डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारा बंद डबा) आहेत, डब्यावर मार्करनं नंबर पण. पण चार-पाच वर्षांची फिल्म, सरफेसवर कार्बन आणि ओलावा बसलेला असणार, जुन्या डेटाशी तंतोतंत जुळणार नाही.

रिव्ह्यूअर_नंबर_दोन
न जुळू दे. एडिटरला लिही की मूळ फाईल्स तूर्त मिळत नाहीत, त्याच बॅचच्या काचा इथं नव्यानं मोजून रॉ डेटा देते, आणि वय झालंय हे पेपरमध्ये उघड लिही. आठही मोज, राहिलेले दोनही त्यात येतील. सरांचं नाव जागच्या जागी. एक्सपीएसचा स्लॉट मिळायला वेळ लागेल, त्यासाठीच मुदत माग, हे कारण एडिटर सहसा नाकारत नाहीत.

काचपट्टी_२२
मेल टाकला. गाईडना सीसीत ठेवलंय, उद्या बोलणी खाणार. सरांना टेलिग्रामवर पण सगळं लिहिलं, अजून एकच टिक आहे.

बेणं_आणि_बियाणं
दोन झाल्या की इथं सांग.