इवाता गेले... तुमची कुठली आठवण?

शहापूरकर: सकाळी खडेबाजारात चहा पिताना बातमी वाचली. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्टेंडो या जपानी कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता ११ जुलै २०१५ ला गेले. ५५ हे काय जायचं वय? १९९६ साली मामानं टीव्ही गेम आणला होता. त्या कॅसेटमधला 'बलून फाइट' मी आणि धाकटी बहीण पावसाळाभर खेळायचो (बेळगावचा पाऊस, बाहेर पडायची सोयच नाही). त्याचं प्रोग्रॅमिंग इवातांनी केलेलं, हे आज कळलं. तुमची कुठली आठवण?

निपाणीचा: होय रे. स्वतः कोड लिहिणारा माणूस. १९९३ मध्ये हॅल लॅबोरेटरी ही गेम बनवणारी कंपनी बुडायला आलेली, ती त्यांनी सावरली. २०१४ मध्ये निन्टेंडोला तोटा झाला, तर स्वतःचा पगार अर्धा केला. मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. असा मालक मी बघितला नाही.

खानापूरहून: दादा, २००५ मधलं त्यांचं भाषण ऐका. व्हिजिटिंग कार्डावर अध्यक्ष, डोक्यानं गेम बनवणारा, मनानं मात्र खेळणारा, असं सांगितलं होतं त्यांनी.

शहापूरकर: ऐकलं. बहीण आता सांगलीला असते, तिला फोन केला. थोडा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "पाण्यातला तो मासा दरवेळी मलाच गिळायचा की रे."