झान मान्स : मॉन्ट्रिअलच्या सहसंस्थापक नर्सचा उत्सव करावा का?

भटकी
१७ मे हा मॉन्ट्रिअलचा वाढदिवस. १६४२ साली याच दिवशी सेंट लॉरेन्स नदीतल्या बेटावर पन्नासेक फ्रेंच माणसांनी व्हिल-मारी नावाची वस्ती वसवली. म्होरक्या मेझोनव्ह. त्याच्या जोडीला झान मान्स : लांग्र गावची, लग्न न केलेली आणि ननही न झालेली. औषधपाणी तिच्याकडे आणि तिजोरीही तिच्याकडे. १६४५ मध्ये तिनं ओतेल-द्यू हे इस्पितळ उभं केलं. तरी शहराला तिला अधिकृतपणे संस्थापकाच्या बरोबरीचं स्थान द्यायला २०१२ साल उजाडलं.

यंदा आम्ही काही मराठी घरं मिळून जुन्या शहरात तिच्या नावानं पायी फेरी काढतोय. कुणीतरी म्हणालं, "नर्सताईंना हार घालू, दोन शब्द बोलू." माझा विरोध हाराला नाही, त्या दोन शब्दांना आहे. 'सेवेची मूर्ती, त्यागाची देवी' हे ऐकून कान किटले. ही बाई व्यवहाराची होती. १६५१ च्या सुमारास इरोक्वाई या मूळ रहिवासी लोकांशी चाललेल्या लढायांनी वस्ती मोडकळीला आली होती. इस्पितळासाठी मादाम द ब्युलिओं यांनी, नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर, पैसा दिला होता. त्यातले २२,००० लीव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मान्सनं मेझोनव्हच्या हातावर ठेवले : फ्रान्सला जा आणि माणसं घेऊन ये. बदल्यात इस्पितळाच्या नावे जमीन लिहून घेतली. १६५३ मध्ये शंभरेक माणसं आली आणि गाव तगलं. फेरीत हेच सांगायचं असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_ठाणेकर
म्हणजे रुग्णांचा पैसा काढून लढायला माणसं आणली. आज एखाद्या ट्रस्टनं असं केलं तर आपण चौकशी लावू. तुम्ही फेरी काढताय.

भटकी
चौकशी तेव्हाही लागली होती, काका. बिशप लावाल यांनी या रकमेवरून तिच्यामागे बराच ससेमिरा लावला. म्हणून तर म्हणते, हा प्रसंग सांगा. वस्तीच उठली असती तर इस्पितळ कुणासाठी चालवायचं होतं?

रात्रपाळी
मी इथल्याच एका इस्पितळात नर्स आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. मला हे सगळे कार्यक्रम नकोसे होतात. पाळी संपायला पंधरा मिनिटं असताना 'तुला थांबावं लागेल' म्हणून सांगतात, त्याला इथे सक्तीचा ओव्हरटाइम म्हणतात. एप्रिल २०१९ मध्ये क्वेबेकच्या नर्स संघटनेनं एक दिवस तो नाकारण्याचं आंदोलन केलं होतं. आणि नर्सचा गौरव कसा? पुतळा, पदक, भाषण. २०१७ मध्ये शहराला ३७५ वर्षं झाली तेव्हा जाक कार्तिए पुलावर रोषणाई केली, खर्च जवळजवळ चार कोटी डॉलर. त्या दिव्यांत किती नर्सांचे पगार बसले असते ते तुम्हीच मोजा.

जुनी_वही
रात्रपाळी, राग रास्त आहे, पण पत्ता चुकतोय. पुलाचे दिवे आणि पन्नास माणसांची पायी फेरी यांना एका तागडीत कशाला घालता? फेरी रद्द केली म्हणून तुमच्या वॉर्डात एकही नर्स वाढणार नाही.

बाकी, बाईचं नाव मागे पडतं कसं ते तिथल्या दगडात दिसतं. प्लास दार्म या चौकात मेझोनव्हचं १८९५ चं स्मारक आहे. वर झेंडा घेतलेला तो, आणि खाली चौथऱ्याच्या एका कोपऱ्यात मान्स, रुग्णाची शुश्रूषा करताना. १९०९ मध्ये त्याच शिल्पकारानं, लुई-फिलिप एबेर यांनी, ओतेल-द्यूसमोर तिचा स्वतंत्र पुतळा केला. तिथेही ती जखमी माणसाला आधार देतेय. हिशेबाची वही कुठेच नाही. आपल्याकडे साधारण त्याच काळातल्या पुण्याच्या गोष्टीत सोन्याचा नांगर येतो तेव्हा जिजाऊ मधोमध उभ्या असतात, कोपऱ्यात नाही.

खडूस_ठाणेकर
जिजाऊंनी उजाड झालेलं आपलं गाव पुन्हा वसवलं. मान्सबाई दुसऱ्याच्या घरात शिरल्या. हा फरक गिळू नका.

भटकी
बेटावर तेव्हा गाव नव्हतं. १५३५ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी कार्तिएनं पाहिलेलं होशेलागा हे मूळ रहिवाशांचं गाव, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शाम्प्लँ हा दुसरा फ्रेंच दर्यावर्दी आला तोपर्यंत नाहीसं झालं होतं.

मेपल_आणि_मेतकूट
गाव नव्हतं म्हणून मालक नव्हता? ताई, हे सगळ्या वसाहतवाल्यांचं आवडतं वाक्य. तिथे लोक शिकारीला, मासेमारीला, व्यापाराला येत-जात होते. व्हिल-मारी वसवणाऱ्या संस्थेचा उद्देशच मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करणं हा होता. इस्पितळ त्याच योजनेचा भाग. मान्सनं त्यांच्यावरही उपचार केले हे खरं, म्हणून योजना बदलत नाही. शहराच्या झेंड्यावर फ्रेंच, इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश अशी चार फुलं होती. मूळ रहिवाशांसाठी पांढऱ्या पाइनचं चिन्ह त्यावर आलं २०१७ मध्ये. आणि आपण, परवा-परवा इथे आलेले, संस्थापकांच्या मिरवणुकीत पुढे? आपल्याला कुठल्या बाजूचं कौतुक आहे हे एकदा ठरवू या.

भटकी
'गाव नव्हतं' हे उत्तर पुरेसं नाही, मान्य. पण तुमच्या वाटेनं गेलं तर मेझोनव्ह चौथऱ्यावर उभाच राहील, कारण त्याला कुणी हलवत नाही, आणि आपल्या नीतिमत्तेची किंमत पुन्हा तिच्याकडूनच वसूल होईल. बाईला जागा मिळायच्या वेळीच इतिहास गुंतागुंतीचा का होतो?

मेपल_आणि_मेतकूट
मेझोनव्हच्या नावानं फेरी काढली असती तरी मी हेच लिहिलं असतं.

रात्रपाळी
एक मात्र मला आवडलं. १६५७ मध्ये ती पडली, उजवा हात कामातून गेला. पुढच्या वर्षी फ्रान्सला गेली आणि १६५९ मध्ये ला फ्लेशच्या तीन शुश्रूषा करणाऱ्या नन घेऊन आली. 'मी एकटी किती पुरणार' हे ओळखून मनुष्यबळ आणणारी पहिली मॅनेजर! आमच्याकडे अशी कोणी असती तर हार मीच घातला असता. हे सांगणार असाल तर फेरीत येते. 'पांढऱ्या साडीतली माउली' छापाचं भाषण झालं तर अर्ध्यातून निघेन.

जुनी_वही
भाषणाला पाच मिनिटांची मर्यादा घाला. मराठी माणसाच्या हातात माइक म्हणजे…

भटकी
ठरलं ते असं : सुरुवात पाँत-आ-कालिएर संग्रहालयापाशी, कारण वस्ती तिथेच बसली. मग प्लास दार्म, मग बसनं ओतेल-द्यू. २२,००० लीव्रचा प्रसंग सांगायचाच, बिशपच्या तक्रारीसकट. आणि सुरुवातीलाच जमीन कुणाची हेही.

मेपल_आणि_मेतकूट
ते सांगणार कोण? नदीपलीकडे कानावाके आहे, मोहॉक लोक तिथे राहतात. त्यांना विचारलंत का, की आपणच कागदावरचं दोन ओळींचं निवेदन वाचणार?

भटकी
अजून विचारलेलं नाही. या आठवड्यात पत्र पाठवते. मसुदा इथे टाकते, तुम्हीच तपासा.

खडूस_ठाणेकर
ते नाही म्हणाले तर?

मेपल_आणि_मेतकूट
तर फेरी काढा, पण 'सगळ्यांचं शहर' असा फलक धरू नका.