मदत हवी आहे: छतावरच्या पावसाच्या पाण्यावर आठ महिने बाग जगेल का?

छत ५० चौ. मी., वर्षाचा पाऊस साधारण ८०० मिमी. ४० कुंड्या, प्रत्येकीला कोरड्या दिवसांत रोज दीड लिटर. २००० लिटरची टाकी गच्चीवर ठेवून ठिबकने पाणी द्यायचं आहे. पावसाळा सोडून २४० दिवस निघतील का?

प्रतिसाद १
पाऊस पुरतो, टाकी पुरत नाही. १ चौ. मी.वर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. उडालेलं, सांडलेलं वजा करून ८० टक्के धरा, वर्षाला ३२,००० लिटर होतात. गरज रोज ६० लिटर, म्हणजे १४,४०० लिटर. पण ५० मिमीच्या एकाच पावसात तुमची टाकी भरते आणि पुढचं सगळं वाहून जातं. पाऊस थांबला की भरलेली टाकी ३३ दिवसांत कोरडी. अशा बहुतेक योजना इथेच फसतात: लोक वर्षाचा पाऊस मोजतात, शेवटच्या सरीनंतर हातात किती उरलं ते मोजत नाहीत.

प्रतिसाद २
ठिबकचंही बघा. १ मीटर उंचीला ०.१ बार दाब मिळतो, नेहमीच्या ड्रिपरला १ बारच्या आसपास लागतो. टाकी कुंड्यांच्याच पातळीवर असेल तर जवळच्या कुंडीत चिखल आणि टोकाची कुंडी कोरडी. कमी दाबाचे ड्रिपर घ्या, नाहीतर सरळ झारी.

धागाकर्ता
अजून ५००० ची टाकी घेतली तर?

प्रतिसाद १
तर १८ कुंड्या निघतील, ४० नाही. ७००० पैकी तळाचा गाळ आणि बाष्पीभवन सोडून साडेसहा हजार धरा, रोजचे २७ लिटर. मातीवर पालापाचोळ्याचा दोन इंच थर दिलात तर आणखी थोड्या निभावतील.

ती टाकी गच्चीवर मात्र चढवू नका. भरल्यावर पाण्याचंच वजन ५ टन होतं. जमिनीवर, सपाट काँक्रीटच्या ओट्यावर ठेवा. छताचं पाणी आपोआप उतरेल, वर चढवायला छोटा पंप लागेल.

पहिल्या पावसाचं १ ते २ मिमी पाणी, म्हणजे ५० ते १०० लिटर, बाहेर सोडायचं. त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. त्यासाठी नुसता उभा पाइप पुरत नाही, ११० मिमीच्या पाइपात मीटरमागे जेमतेम ९ लिटर मावतात. वेगळा पिंप लावा, त्याच्या तळाला बारीक गळती ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाआधी तो रिकामा होईल. टाकी अपारदर्शक हवी, नाहीतर शेवाळ धरतं. ओव्हरफ्लोच्या तोंडाला डासांची जाळी बसवा.

टाकी धुवायची ती पावसाळ्याच्या पूर्वार्धातच. रिकाम्या ७००० लिटर भरायला १७५ मिमी पाऊस लागतो. शेवटच्या आठवड्यात धुतलीत तर ती भरेलच याची खात्री नाही.